किल्ल्यात दिलेली ताई

घाटकोपरच्या आमच्या चाळीत दिवाळीला पोरं दरवर्षी नवा किल्ला करायची. बाबांचा मात्र ठरलेला, सिंधुदुर्ग. परातीत पाणी, मधे मातीचं बेट आणि वर मालवण बंदर राखणाऱ्या त्या किल्ल्याचा इतिहास. महाराजांनी तटाच्या पायात शिसं ओतलं, दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत नाही, भोवतीच्या खडकांवर शत्रूचं गलबत फुटलंच म्हणून समजा. आम्हाला सगळं तोंडपाठ होतं. किल्ल्याच्या आत अजून काही घरं नांदती आहेत. त्यातल्या एका घरातून ताईला मागणी आली, तेव्हा बाबांनी मुलाची नोकरीसुद्धा धड विचारली नाही.

ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात मुलीला आणायचं, ही आमची रीत. पण सासरच्यांना डोहाळजेवण त्यांच्याकडच्या जत्रेनंतर करायचं होतं आणि बाबा मान डोलावून आले.

"किल्ल्यातली माणसां ती. त्यांचो मान ठेवक होयो," ते म्हणाले.

"आणि दर्यो? तो थांबतलो तुमच्यासाठी?" आईने विचारलं.

जत्रा होईपर्यंत आठवा लागला. आठव्यात बाईने प्रवास करायचा नाही, हीही आमचीच रीत. नववा लागला तोवर समुद्र खवळला होता आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या. आता नारळी पौर्णिमेपर्यंत किल्ल्यात जाणं नाही की तिथून येणं नाही. मला बाबांचा इतका राग आला होता की मी त्यांना जेवायलासुद्धा वाढत नव्हते.

आषाढात बाबा मालवणला गेले. भावोजींनी समुद्र बंद होण्याआधीच खूण ठरवून ठेवली होती. कळा सुरू झाल्या की तटावर लाल लुगडं, सुखरूप सुटका झाली की पांढरं धोतर.

खालच्या वाण्याकडे बाबांचा फोन आला. लाल लुगडं लागलं होतं. डॉक्टर त्यांच्या शेजारी किनाऱ्यावर उभे होते, पण होडी घालायला एकही खलाशी तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. लुगडं अजून तिथेच होतं. "हाकेच्या अंतरावर आसा गो," बाबा मला म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. आई वाण्याच्या पायरीवर बसली ती उठेचना. चाळीतल्या बायकांनी तिथेच तिला चहा आणून दिला, तो तसाच गार झाला.

तिसऱ्या सकाळी फोन वाजला. आईने तो माझ्या हातून ओढून घेतला. धोतर लागलं होतं. किल्ल्यातल्याच एका म्हातारीने ताईला सोडवलं होतं, हे आम्हाला पुढे कळलं. आई मात्र बाबांशी एक शब्द न बोलता फोन ठेवून वर गेली आणि पुढे कितीतरी दिवस बोललीच नाही.

नारळी पौर्णिमेनंतर ताई बाळाला घेऊन आली. त्या दिवाळीत बाबांनी पुन्हा परात घेतली, बेट केलं, तट उभे केले. इतिहास मात्र सांगितला नाही. शेवटी माझी लाकडी पट्टी मागून घेतली आणि बेटापासून परातीच्या काठापर्यंत पूल टाकला. आईने तो बराच वेळ पाहिला आणि त्याच्या टोकाशी पणती लावली.