गुलाबदाणीतलं कार्नेशन

कुणी फाडकन कानाखाली वाजवावी आणि आपण का म्हणून विचारायलाही विसरावं, तसं माझं नणंदेच्या लग्नात झालं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात कळंब्याच्या रस्त्याला कार्यालय, बाहेर वाजंत्री, सासूबाई घामाघूम, आणि त्यांच्या हातात माझ्या आईची सेंटची बाटली. रिकामी.

ती बाटली साधीसुधी नव्हती. मामा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी नव्वदच्या दशकात कधीतरी आईसाठी आणली होती. खोक्यावर झालर लावल्यासारख्या पाकळ्यांचं लाल फूल, कार्नेशन. आम्ही जयसिंगपूरकरांनी तोवर ते पाहिलेलंही नव्हतं. वास मात्र ओळखीचा निघाला. आधी सरळ लवंग, जरा मिरी, थोड्या वेळानं गुलाब, आणि संध्याकाळी पदराला उरायचा तो पावडरीचा मऊ वास. आई शाळेत शिकवायची. काचेच्या बुचाचं टोक ती फक्त कानामागं टेकवायची. मनगटाला नाही, कारण खडूचे हात सारखे धुवावे लागत. पहिल्याच दिवशी वर्गातल्या पोरींनी काळजीनं विचारलं, "बाई, दाढ दुखतीया काय?" बाबा तर कायम "आला बघ मसाल्याचा डबा" म्हणत राहिले. आईला कशाचं काही नव्हतं. ती मजेत हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची.

आई गेली. बाबांनी तिच्या साड्या वाटून टाकल्या आणि तिचं नाव काढायचं बंद केलं. मी विषय काढला की ते उठून पाण्याची मोटर चालू करायला जायचे. मी बाटली तेवढी उचलून कोल्हापूरला आणली. तळाशी बोटभर उरलं होतं. मामेभावानं त्याच नावाची नवी बाटली पाठवली. हौसेनं लावली तर काय, साबण! लवंगेचा पत्ताच नाही. कंपनीनं म्हणे कृती बदलली. असं कसं बदलतात, कुणाला विचारून बदलतात? माझं डोकंच फिरलं. म्हणजे आईचा वास आता जगात माझ्या कपाटात होता तेवढाच. तेव्हापासून मी सणासुदीला एक टिपका लावायची, एरवी नुसतं बूच काढून हुंगायची.

लग्नाच्या सकाळी टिपका लावला, बाटली आरशापुढं ठेवली आणि नवरीची हाक आली म्हणून धावले. नेमकं तेव्हाच सासूबाईंच्या लक्षात आलं, की गुलाबपाणी गावाकडं, मुरगूडच्या घरीच राहिलंय. वऱ्हाड तर दारात. पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडल्याशिवाय त्यांना आत घ्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा दंडक; एखादा कोरडा आत गेला तर वर्षभर बोलणी खावी लागतात. त्यांनी माझी बाटली गुलाबदाणीत उपडी केली आणि वरून तांब्यानं पाणी भरलं.

"आत्याबाई, हे काय केलंत?" मी सासूबाईंना कशीबशी म्हणाले.

"वासाचंच हाय की! आन् तू कुठं लावतीस? नुसती हुंगतीस, बघितलंय मी. पडू दे चार माणसांच्या अंगावर. बघ तरी, दुधावानी झालंय पाणी."

खरंच दुधाळ झालं होतं. त्या बाईच्या चेहऱ्यावर जरा तरी लबाडी असती तर मी भांडले असते. तिथं नुसतं वेळ निभावल्याचं समाधान होतं. तोवर दोन करवल्यांनी गुलाबदाणी दाराकडं पळवलीसुद्धा.

मी मागोमाग धावले. हिसकावून घ्यायची, मग लोक काय म्हणायचे ते म्हणोत. पण पोचले तेव्हा अर्धं वऱ्हाड आत आलं होतं. आईचा वास कुणाच्या फेट्यावर, कुणाच्या टकलावर, कुणाच्या शालूवर. "लवंगा उकळल्यात काय रं?" म्हणत एकानं रुमालानं मान पुसली. पुसून टाकली! मी बघतच राहिले.

आणि तेवढ्यात बाबा आले. जयसिंगपूरहून एसटीनं, इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात आहेराची पिशवी. करवलीनं गुलाबदाणी हलवली. थेंब त्यांच्या गालावर, खांद्यावर पडले.

बाबा दारातच थांबले. मागची माणसं अडली. "ओ पावणं, सरका की फुडं!" कुणीतरी ओरडलं. त्यांना ऐकू गेलंच नाही. त्यांनी मान वळवली आणि ते बायकांच्या बाजूला बघायला लागले. एकेक रांग, एकेक चेहरा, शेवटपर्यंत. मग परत पहिल्यापासून. मी पुढं होऊन त्यांचा दंड धरला.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "तुझी आई कुठं बसलीया?"

मागून माणसं ढकलत होती. बाबांच्या चेहऱ्यावर अजून तो प्रश्न तसाच होता. ती नाही हे त्यांना सांगायचं मला सुचलंच नाही. मीही वळून बायकांच्या बाजूला बघायला लागले.