पप्पा बसले की प्रोग्रॅम चालायचा

आधीच सांगते... भूतखेत, नजर, करणी, माझा कशावरच विश्वास नाही. आणि माझा हा अनुभव इथे छापून आलाय हे पप्पांना कळलं, तर ते चार दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत. पप्पा निवृत्त विज्ञानशिक्षक. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच घरातले अंगारेधुपारे उंबऱ्याबाहेर काढले, आणि पप्पांनी पुढे आयुष्यभर शाळेतल्या पोरांना "पुरावा कुठाय?" एवढंच विचारलं.

तर मी घाटनांदूरला, आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून, पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं काम करते. कंपनी डाळ निवडायचं मशीन बनवते. तूरडाळ वरून पडते, कॅमेरा बघतो, काळा दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. मशीन पुण्यात, त्याचं सॉफ्टवेअर माझ्याकडे; पडत्या डाळीचा व्हिडिओ लावून मी ते इथेच चालवून बघते. आठ कोअरचा प्रोसेसर, म्हणजे आठ जणी एकदम कामाला. ऐकायला लई भारी. पण एका स्वयंपाकघरात आठ जणी घालून बघा. एकीने विळी धरलीय आणि ती परात मोकळी व्हायची वाट बघतेय, दुसरीने परात धरलीय आणि ती विळीची वाट बघतेय... दोघीही हातातलं सोडत नाहीत. झालं, प्रोग्रॅम गपगार. तेही कधी दोन मिनिटांत, कधी वीस. नेमकं कुठे अडकतं ते बघायला कोडमध्ये दोन ओळी घातल्या, की तेवढ्यापुरतं सगळं सुरळीत — ओळी काढल्या की पुन्हा तेच. एकाच कोअरवर चालवलं तर अडकत नाही, पण डाळ पोत्यात जाऊन पडली तरी आमचा विचार चालूच.

साहेबांनी सांगून टाकलं होतं, गुरुवारी अकराला डाळगिरणीवाल्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचंय, सलग चाळीस मिनिटं चाललं नाही तर तुमचं काम इथेच थांबवू. कंत्राटी नोकरी, दुसरं काय होणार. मला नुसतं रडू येत होतं.

सोमवारी दुपारी पप्पा पेपर घेऊन माझ्या खोलीत येऊन बसले, कारण पंखा तिथलाच बरा. प्रोग्रॅम तासभर चालला. ते चहाला उठले — अडकला. परत आले — चालला. मी हसले. संध्याकाळपर्यंत असं चारदा झालं, तेव्हा हसायची थांबले.

आई दारातून म्हणाली, "सर वर्गात आले की पोरं गप बसतेत, तसं आसंल."

पप्पा भडकले. "कावून आसंल? माज्यात काय लोहचुंबक हाय का?"

मंगळवारी त्यांनी वही काढली. रीतसर प्रयोग. सहा वेळा ते खोलीत, सहा वेळा बाहेर, दरवेळी वीस मिनिटं. खुर्चीवर वजन तेवढंच राहावं म्हणून ते नसताना गव्हाचं पोतं. मग पोत्याच्या जागी आई. आईसमोर तीन मिनिटांत अडकलं, तर ती जरा नाराजच झाली. "तुमचा फोटो ठिवून बघू का?" म्हणाली, तेव्हा पप्पांनी असं बघितलं की ती भाकरी टाकायला निघून गेली. शेवटी निकाल असा: पप्पा आत, सहापैकी सहा. पप्पा बाहेर, एकदाही नाही. त्यांचा चेहरा बघवेना.

"गुरुवारी नुसतं बसा ना, पप्पा. चाळीस मिनिटं."

"न्हाई बसणार. मांजर आडवं गेल्यानं काय होत न्हाई म्हणून जन्मभर पोरांना शिकवलं. आता मी सोता लिंबू-मिरची होऊन लटकू?"

"माझी नोकरी जाईल."

"तुजी चूक शोध. ती प्रोग्रॅममधे हाय, माज्यात न्हाई."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. बुधवारभर शोधलं, सापडली नाही. गुरुवारी दहाला पप्पा पिशवी घेऊन निघाले. चष्मा बदलायचाय, अंबाजोगाईला जातो म्हणाले. आईने थांबवून बघितलं. मी स्क्रीनवरून मान वर केली नाही.

अकराला कॉल लागला. बटण दाबलं. पाच मिनिटं... पंधरा... एक गिरणीवाला जांभई देत होता. चाळीस झाली, पंचेचाळीस झाली. साहेब म्हणाले, छान, काम चालू ठेवा.

पप्पाच खरे निघाले, असं त्यांना लगेच सांगावं म्हणून मी फोन लावला. रिंग खिडकीखाली वाजली.

मागच्या भिंतीला टेकून, भर उन्हात, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. शर्ट घामाने चिंब.

"बस चुकली," म्हणाले.

"पप्पा, पावणेदोन तास झाले."

"दुसरी बी चुकली."

महिन्याभराने चूक सापडली. आधी विळी, मग परात, हाच क्रम सगळ्यांना लावून दिला. आता खोलीत कुणी असो-नसो, प्रोग्रॅम चालतो. पण तेव्हा पप्पा असले की तो का चालायचा? उष्णता, पंखा, वीज, वायफाय, सगळं तपासलं. कंपनीतल्या हुशार लोकांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. पप्पांना विचारलं की तेही म्हणतात, "म्हाईत न्हाई."

"मग उन्हात कशाला बसला होतात?" मी एकदा विचारलंच.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मला खरं ठरायचं व्हतं बाई. पण तुजी नोकरी घालवून न्हाई."