मशीनबाईंचा कान

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाईला मशीनबाई म्हणायचं हे गल्लीत कोणी ठरवलं नव्हतं, पण लहानथोर सगळे तसंच म्हणायचे. नवराही म्हणायचा. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. खिळ्यांवर टांगलेले पट्टे, तेल पिऊन काळीभोर झालेली लाकडी फळी आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यांत आकारवार लावलेले स्क्रू. चौतीस वर्षं बाई तिथे बसून बिघडलेली मशिनं सरळ करत होत्या, आणि त्यांची रीत जगावेगळी होती. गिऱ्हाईक आलं की त्या आधी मशीनकडे पाठ करून उभ्या राहत आणि म्हणत, "चालवा." पाच-सहा टाके पडले की निदान तयार. "शटल घासतंय." "सुई केसभर वर बसलीय." एकदा एका शिंप्यानं त्यांची परीक्षा घ्यायची म्हणून दोन मशिनं एकदम चालवली. बाई म्हणाल्या, "डावीकडचं तुमचं नाही, तुमच्या शेजाऱ्याचं आहे. ते मीच केलंय गेल्या महिन्यात." शिंप्यानं तोंडात बोट घातलं.

असं सगळं असलं तरी सुट्टी म्हणून काही असतं हे बाईंच्या गावीही नव्हतं. म्हणून त्यांची नणंद एका सकाळी दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, शुक्रवारी आपण डोंगरावरच्या अभयारण्यात जातोय, तीन दिवस," तेव्हा बाईंनी मान वर न करताच विचारलं, "कोण आपण?"

नणंद जन्मभर नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिनं दुर्बीण विकत घेतली आणि तेव्हापासून तिला पाखरांचं जे वेड लागलं ते दिवसेंदिवस वाढतच गेलं. या सहलीला तिची मैत्रीण येणार होती, पण तिचा गुडघा सुजला आणि जागा रिकामी राहिली.

"पाखरं बघायला एवढ्या वर कशाला जायचं, वन्सं? आमच्या तारेवर रोज बसतात की."

"ते कावळे आहेत."

"मग कावळे काय पाखरं नाहीत?"

आतून नवऱ्याचा आवाज आला, "घेऊन जा तिला. माझं मी बघतो." तो इतक्या उत्साहानं बोलला की बाईंना संशयच आला. पण त्या गेल्या. जाताना पर्समध्ये कंगवा, रुमाल, तेलाची छोटी कुपी आणि स्क्रूड्रायव्हर टाकला. तेल आणि स्क्रूड्रायव्हर कशाला, असं नणंदेनं विचारलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही थर्मामीटर घेतलाय ना? तसंच."

बस घाट चढायला लागली आणि भलतंच घडलं. आयुष्यभर रुग्णांच्या ओकाऱ्या पुसणारी नणंद पहिल्याच चार वळणांत पांढरी पडली आणि डोळे मिटून बसली. बाईंना मात्र अंगात वारं भरल्यासारखं झालं. वळण आलं की त्या खिडकीबाहेर मान काढून खाली बघत आणि सांगत, "वन्सं, आपण मघाशी होतो तो रस्ता तिकडे खाली आहे बघा, नाडीसारखा." नणंद म्हणाली, "वहिनी, तुला देवाची शपथ आहे, खाली काही दाखवू नकोस." साठीला टेकलेल्या बाई सहलीला निघालेल्या शाळकरी पोरीसारख्या हसत सुटल्या, आणि वर पोचेपर्यंत त्यांचं हसू काही आवरेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे उघड्या जीपमधून फेरी होती. जीप चालवणारा आणि जंगल दाखवणारा माणूस एकच. पन्नाशीचा, मिशाळ, वीस वर्षं याच डोंगरात हिंडलेला. मागच्या बाकावर नणंद-भावजय, आणि पुढे एक कॅमेरेवाले गृहस्थ. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी एवढी मोठी की ती ठेवायला त्यांनी मांडीवर उशी घेतली होती. वाटाड्यानं निघताना सांगितलं, "एकच नियम. आवाज करायचा नाही."

नियम सगळ्यांनी पाळला, फक्त जीपनं पाळला नाही. खड्डा आला की कुठून तरी 'कुंईऽऽ' असा आवाज यायचा आणि पलीकडच्या झाडीत कोणीतरी पळाल्याची सळसळ ऐकू यायची. तासभर झाला तरी पळणाऱ्या शेपट्यांखेरीज कोणाला काही दिसेना. कॅमेरेवाले वैतागून म्हणाले, "अहो, ही जीप आहे का सनई?"

वाटाड्या ओशाळला. "दोनदा गॅरेजला नेली साहेब. इंजिन उघडून बघितलं त्यांनी."

"इंजिनाचा काय संबंध?" मागून बाई म्हणाल्या. "थांबवा जरा."

जीप थांबली. बाईंनी आपला बाक हातानं एकदा वर-खाली केला, मान तिरकी करून ऐकलं आणि पर्समधून कुपी काढली. बाकाखालच्या बिजागरीत तेलाचे दोन थेंब, एक सैल स्क्रू दोन फेरे आत, आणि काम फत्ते. वाटाड्यानं मुद्दाम जीप खड्ड्यातून नेली. आवाज नाही. पुन्हा नेली. नाही. तो मागे वळून बाईंकडे असा बघायला लागला की जीप तिसऱ्यांदा खड्ड्यात गेली ती मात्र चुकून.

पुढे दहा मिनिटांत, रस्त्यापासून वीस पावलांवर, अस्वल दिसलं. चांगलं धिप्पाड, काळंकुट्ट. जीप थांबली. कोणी श्वास घेईना. नणंदेनं बाईंचं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली. अस्वलानं झुडपातली फळं ओरबाडून खाल्ली, मग ते सावकाश एका झाडापाशी गेलं, मागच्या पायांवर उभं राहिलं, खोडाला पाठ टेकवली आणि डोळे मिटून वर-खाली, वर-खाली पाठ घासायला लागलं. चेहऱ्यावर असं समाधान की बघत राहावं.

बाई नणंदेच्या कानाला लागल्या. "वन्सं, तुमचे दादा."

नणंदेला क्षणभर कळेना. मग कळलं. तिचा थोरला भाऊ, म्हणजे बाईंचा नवरा, रोज अंघोळीआधी दाराच्या चौकटीला अगदी अशीच पाठ घासायचा. अगदी असेच डोळे मिटून. नणंदेनं तोंडात मफलर कोंबला, पण हसू नाकातून निघालं. त्या आवाजानं बाईंचा बांध फुटला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मुक्यानं हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांच्या हसण्यानं अख्खी जीप थरथरत होती. कॅमेरेवाल्यांनी काढलेल्या चाळीस फोटोंत अस्वलाला बारा-बारा कान आले. अस्वलानं पाठ घासणं थांबवलं, जीपकडे बघितलं आणि 'नसता ताप' अशा चालीनं ते निघून गेलं.

"मी याच्यासाठी सहा वर्षं थांबलो होतो," कॅमेरेवाले म्हणाले.

नर्सच ती. एकदम गंभीर होऊन तिनं त्यांची माफी मागितली आणि कारण सांगितलं. कॅमेरेवाल्यांनी कॅमेरा उशीवर ठेवला. मग म्हणाले, "माझे सासरेसुद्धा असंच करतात." आणि तेही हसायला लागले.

संध्याकाळी नणंदेच्या वहीत सव्वीस पाखरं झाली होती. बाईंना त्यातलं एकही दुर्बिणीतून धड सापडलं नव्हतं. त्यांना दुर्बिणीत फक्त स्वतःच्या पापण्या दिसायच्या.

तिसऱ्या दिवशी पायी फिरायचं होतं. वाट उंच झाडांमधून जाणारी, ओल्या पानांची. एका वळणावर दरीच्या बाजूनं आवाज आला. गोल, घुमणारा, आणि शेवटी वर उचललेला. वाटाड्या कुजबुजला, "कोयत्या. चोच कोयत्यासारखी वाकडी असते म्हणून आम्ही तसं म्हणतो. फार लाजरा. ऐकू रोज येतो, दिसत नाही." नणंदेनं लगेच वहीत लिहिलं: कोयत्या, एक.

"दोन आहेत," बाई म्हणाल्या.

वाटाड्या हसला. "नाही बाई. एकच आहे. वीस वर्षं ऐकतोय मी त्याला."

"तुम्ही वीस वर्षं ऐकताय म्हणूनच तुम्हाला एक वाटतो. पुन्हा बोलू दे त्याला." बाई दरीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आवाज आला. "पहिला तुकडा एकाचा. शेवटी जे वर जातं ते दुसऱ्याचं. मशीनमध्ये वरचा धागा वेगळा, खालचा वेगळा, आणि टाका मात्र एकच दिसतो ना, तसं. पण दुसरा जरा मागून येतोय, सुतभर. एक तिथे आहे," त्यांनी न बघता डावा हात मागे केला, "आणि दुसरा इकडे." उजवा हात बराच लांब, एका काटेरी जाळीकडे गेला.

वाटाड्याला राग आला नाही, पण पटलंही नाही. तो वाट बघत खाली बसला. मग सगळेच बसले. अर्धा तास गेला. नणंदेच्या पायाला मुंग्या आल्या, कॅमेरेवाल्यांच्या टक्कलावर झाडावरून थेंब पडत राहिले, पण कोणी हललं नाही. बाई तर जत्रेत पाळण्यात बसल्यासारख्या खुशीत होत्या.

मग बाईंनी डाव्या हातानं दाखवलेल्या झुडपातून एक तपकिरी पाखरू टुणकन बाहेर आलं. पांढरा गळा, लांब वाकडी चोच. त्यानं मान वर केली आणि घुमणारा पहिला तुकडा गायला. चोच मिटली. चोच मिटलेली असतानाच गाण्याचा उरलेला तुकडा त्या काटेरी जाळीतून आला.

वाटाड्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून बसला. नणंद पिशवीतलं पाखरांचं पुस्तक काढून भराभर चाळत होती. पान सापडलं. वर्णनाच्या अगदी शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे पक्षी जोडीनं गातात, आणि ऐकणाऱ्याला एकच पक्षी गातोय असं वाटतं. पुस्तक चार वर्षं तिच्याजवळ होतं, पानोपानी लाल रेघा होत्या, पण त्या ओळीखाली रेघ नव्हती. "वहिनी," ती म्हणाली, "तू माणूस आहेस का कोण आहेस?"  कोणी आपल्याकडे एवढं टक लावून बघावं याची बाईंना सवय नव्हती. त्यांनी उगाच पर्स उघडली आणि बंद केली. मग त्यांना इतका आनंद झाला की काय करावं ते न कळून त्या वाटेवर चार पावलं धावल्या आणि परत आल्या.

निघताना वाटाड्यानं त्यांचा फोन नंबर मागून घेतला. थंडी सरताना डोंगरावर पाखरांची मोजदाद असते, तेव्हा धुकं एवढं असतं की दुर्बिणीवाल्यांना स्वतःचे हात दिसत नाहीत. "तुम्ही याल का?" त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "दुकान आहे हो माझं." आणि घरी पोचेपर्यंत बसमध्ये त्याच एका गोष्टीवर बोलत राहिल्या.

त्या गेल्या. दुकानाच्या शटरवर कागद लावला: 'चार दिवस बंद. मशीन हळू चालवा.' आता त्याला पाच वर्षं होत आली आणि एकही वर्ष चुकलेलं नाही. नवरा हौसेनं बस स्टँडवर सोडायला येतो, आणि तो एवढा खूश का असतो याचा पत्ता बाईंना अजून लागलेला नाही.

मोजदादीच्या पहाटे दुधासारखं धुकं उतरलेलं असतं. आठ-नऊ माणसं गळ्यातल्या दुर्बिणी नुसत्याच चाचपत उभी असतात. मध्ये एका दगडावर मशीनबाई डोळे मिटून बसतात, स्वेटरच्या बाह्या वर करतात आणि बोटं दाखवायला लागतात. त्या बाजूला तीन. खाली पाण्याजवळ एक, पिल्लू असावं. कोयत्या दोन, नाही, चार. शेजारी नणंद वही मांडीवर घेऊन घाईघाईनं लिहीत असते.

"अगं हळू सांग, वहिनी, माझा हात चालत नाही एवढा."

"मी काय करू, वन्सं? तेच थांबत नाहीत. लिहा तुम्ही, पाच झाले."