तक्रारपेटीतली सात माणसं

टायपिस्टबाईंच्या टेबलावरचा टाइपरायटर जाऊन पंधरा वर्षं झाली, पण नाव काही गेलं नाही. पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या त्या सोळा माणसांच्या कंपनीत त्या पत्रं करत, हजेरीपट सांभाळत, फोन घेत आणि ग्राहकांनी दिलेल्या शिव्या सभ्य भाषेत घोळून साहेबांपर्यंत पोचवत. बावीस वर्षं हाच उद्योग. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि ती कुणाच्या अध्यातमध्यात न पडता काढायची, असा त्यांचा पक्का बेत होता. बेत पक्का असला की माणसाला अवदसा आठवतेच.

साहेब तसे वाईट नव्हते. खोड एकच. दरवर्षी ते 'उत्तम मालक कसे व्हावे' अशा कुठल्याशा शिबिराला जात आणि येताना काहीतरी घेऊन येत, जसं कुणी सर्दी घेऊन येतं. एका वर्षी त्यांनी सकाळचा व्यायाम आणला. कटिंग मशीनवरच्या माणसाची पाठ धरली, तेव्हा तो थांबला. पुढच्या वर्षी 'इथे मालक नाही, नोकर नाही, आपण सगळे एक कुटुंब' हे आणलं. ते मात्र टिकलं, कारण त्यात कुणाला वाकावं लागत नव्हतं. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मशीनं बंद करून सगळ्यांनी पॅकिंगच्या हॉलमध्ये उभं राहायचं आणि साहेबांनी एका पालथ्या लाकडी पेटीवर चढून कुटुंबाविषयी बोलायचं, असा पायंडा पडला. माघारी सगळे त्यांना कुटुंबप्रमुख म्हणत.

तीन वर्षांपूर्वी शिबिरातून तक्रारपेटी आली. पेटी म्हणजे आपल्याच कंपनीचं खोकं, वर एक फट आणि कडेला कुलूप. पुठ्ठ्याच्या खोक्याला कुलूप! भाजीची सुरी फिरवली असती तरी ते उघडलं असतं. नाव न घालता मनातलं लिहा, असं साहेबांनी सांगितलं. महिनाभर पेटीत कागदाचा कपटाही पडला नाही. सोळा माणसांत निनावी राहायचं म्हणजे एका खोलीत लपंडाव खेळण्यासारखं. कोण कुठलं अक्षर कसं काढतं हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

दर शनिवारी साहेब सगळ्यांसमोर कुलूप काढत, आत हात घालत, कोपरे चाचपत आणि रिकामा हात बाहेर काढत. तेव्हा त्यांचा चेहरा असा पडायचा, की टायपिस्टबाईंना बघवेना. पाचव्या शनिवारी त्यांना दया आली, आणि सगळ्या भानगडीचं मूळ ती दया. त्यांनी एका चिठोऱ्यावर डाव्या हातानं लिहिलं, 'पॅकिंगच्या हॉलमधला पंखा फार किरकिरतो,' आणि हळूच फटीतून सोडलं.

साहेब हरखून गेले. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली, वर तोंड करून पंखा ऐकला आणि सोमवारी नवा पंखा लागला. बाईंच्या तोंडाला रक्त लागलं. मग बायकांच्या बाथरूममधला आरसा खाली आला. आधी त्यात फक्त कपाळ दिसायचं. मग पिन मारणाऱ्या माणसाला पाठ टेकायला खुर्ची आली. मागच्या दाराची तुटलेली पायरी दुरुस्त झाली. एकाच हाताचं अक्षर पुन्हा पुन्हा दिसू नये म्हणून बाईंनी डावा हात वापरला, उजवा वापरला, उजवाच तिरपा करून वापरला. तेवढ्यानं भागेना, तेव्हा घरी राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, ताईला, कामाला लावलं. शेजारच्या काकू, काकूंचा जावई आणि त्याची आई यांनीही हातभार लावला. अशी सात हस्ताक्षरं तयार झाली. ताई जन्मभर शाळेत मास्तरीण होती. दुसऱ्याच्या चुका काढायची सवय निवृत्तीनंतर कुठं जिरवायची हा तिला प्रश्नच होता. बाई कामावरून आल्या की चपला काढायच्या आत ती विचारी, "आज कुणाला सुधारायचं गं?"

कंपनीत प्रत्येकाला वाटे, चिठ्ठ्या दुसराच कुणीतरी टाकतो. बाई कुणाला ताकास तूर लागू देत नसत. पण दुपारी पिनवाला हातातलं काम संपवून खुर्चीला पाठ टेकायचा, तेव्हा त्यांचा आनंद गगनात मावायचा नाही. बावीस वर्षांत त्यांनी हजारो पत्रं टाइप केली, आणि एकाचाही कुणाला असा उपयोग झाला नव्हता.

घात केला ताईनं. एका गुरुवारी बाईंनी तिच्यापुढे शनिवारच्या सभेचं रडगाणं गायलं, पाय दुखतात म्हणाल्या, आणि ताईनं पेन उघडलं. तिच्या टपोऱ्या, मास्तरणीच्या अक्षरात चिठ्ठी तयार झाली: 'साहेब शनिवारी दीड तास बोलतात. त्यातली पहिली एक तास पंचवीस मिनिटं गाळली तरी अर्थाला बाधा येणार नाही.' बाई हसता हसता खोकल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच भरात चिठ्ठी पेटीत टाकून बसल्या.

साहेबांनी ती नेहमीच्या उत्साहात मोठ्यानं वाचायला घेतली. 'बाधा येणार नाही' पर्यंत पोचेतो त्यांचा आवाज बसला. मागं कुणाला तरी खोकला आला. मग खोकल्याची साथच पसरली. साहेब पेटीवरून उतरून केबिनमध्ये गेले. पंख्याची तक्रार त्यांना आवडायची, कारण पंखा म्हणजे पंखा. ही तक्रार खुद्द त्यांच्याविषयी होती, आणि स्वतःला काही दुकानातून नवं आणून लावता येत नाही.

बुधवारी साहेबांनी बोलावलेला एक सल्लागार आला. त्याच्या बुटांत तोंड दिसत होतं आणि तो वाकून वाकून तेच बघत होता. दोन दिवस त्यानं तीन वर्षांच्या चिठ्ठ्या हजेरीपटावरच्या सह्यांशी ताडून पाहिल्या. साप साप म्हणून भुई धोपटायची, पण भिंग लावून. शुक्रवारी सकाळी त्यानं निकाल दिला: कंपनीत सात असंतुष्ट माणसं आहेत, म्हणजे जवळजवळ अर्धं कुटुंब नासलेलं आहे, आणि सातांच्या मागे डोकं एकच आहे. पिनवाल्याचं.

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"अक्षर त्याच्या सहीसारखं वेडंवाकडं आहे. तो तुमच्या भाषणाला टाळ्या वाजवत नाही. आणि साहेब, एकच विचार करा. खुर्ची कुणाला मिळाली?"

बाई शेजारी वही घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या डाव्या हाताला घाम फुटला.

पिनवाला म्हणजे अकरा वर्षं एकाच मशीनपुढं बसून खोक्यांच्या कडांना पिना मारणारा माणूस. दिवसभरात त्याच्या तोंडून दहा शब्द आले तर त्यातले सहा मशीनला उद्देशून असायचे. घरी म्हातारी आई, शाळेत जाणाऱ्या दोन मुली. एकदा बाईंच्या पर्सचा पट्टा तुटलेला त्यानं पाहिला, पर्स उचलली, पट्ट्याला तीन पिना मारल्या आणि परत ठेवली.

"पत्र करा," साहेब बाईंना म्हणाले. "सोमवारपासून येऊ नये, अशा अर्थाचं. पण भाषा मायेची ठेवा. उद्या सभेत देऊ."

बाईंनी पत्र केलं. मायेच्या भाषेत केलं. त्याची त्यांना पुढे कायम लाज वाटली, पण त्या दिवशी त्यांचे हात सवयीनं चालले आणि त्यांनी एकही चूक केली नाही.

संध्याकाळी त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ताईनं भाजी चिरायची थांबवली.

"मी येते आणि सांगते, अक्षर माझं आहे म्हणून."

"तू कोण? कंपनीत आहेस का तू?"

"मग तू सांग."

"तीन वर्षं राहिलीत गं ताई. या वयात मला कोण घेणार?"

"मग नको सांगूस. तीन वर्षं त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून पत्रं टाइप कर. खुर्ची चांगली आहे ना? आपणच मागितली होती."

बाईंना रडू आलं. ताईनं त्यांना रडू दिलं आणि नंतर पुन्हा भाजी चिरायला घेतली.

शनिवारी सभा भरली. साहेब पेटीवर चढले, सल्लागार खाली फाईल घेऊन उभा राहिला, पत्राचं पाकीट बाईंच्या हातात होतं. साहेबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आज मनावर दगड ठेवून आपल्या कुटुंबातल्या एका माणसाला—"

"साहेब," टायपिस्टबाई म्हणाल्या, "ती सातही माणसं मी आहे."

कुणाला काही कळलं नाही. बाईंनी मग खुलासा केला. डावा हात, उजवा हात, तिरपा हात.

"म्हणजे पंखा?" साहेबांनी विचारलं.

"मीच."

"आरसा?"

"तोही मीच. लिहिला शेजारच्या काकूंनी."

"आणि माझं भाषण?"

"ते ताईनं लिहिलं. पण पाय माझे दुखत होते."

सल्लागार घाईघाईनं फाईल चाळू लागला, जणू बाई कुठंतरी खालच्या कागदात सापडतील. साहेबांना राग यायला हवा होता, पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही पसरत गेलं. त्यांना हायसं वाटत होतं! सात नाहीत, एकच. बाकी पंधरा जण खूश.

"म्हणजे," ते सगळ्यांकडे बघत म्हणाले, "बाईंचं काय करायचं ते मी बघतो. पत्र तयारच आहे, नाव तेवढं बदलायचं. पण तुम्हां बाकीच्यांची कुणाचीच काही तक्रार नाही ना?"

सगळे जमिनीकडे बघायला लागले. पंखा ज्यांच्या डोक्यावर फिरत होता तेही, पायरीवरून जे रोज उतरत होते तेही. तोंडात मूग धरून पंधरा माणसं उभी होती. बाईंना ते फार लागलं. तीन वर्षं ज्यांच्या वतीनं आपण बोललो, त्यांना आपल्या वतीनं एक शब्द जड व्हावा!

"माझी आहे," पिनवाला म्हणाला.

त्याचा आवाज काहींनी त्या दिवशी पहिल्यांदाच नीट ऐकला. साहेब पेटीवरून खाली वाकले. "बोल ना, बोल. आपण कुटुंब आहोत."

"अकरा वर्षं मी इथं आहे. माझं नाव सांगा."

साहेब हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी सल्लागाराकडे पाहिलं, सल्लागारानं बुटाकडे पाहिलं. मग त्यांनी टायपिस्टबाईंकडे पाहिलं. बावीस वर्षं ते कुठंही अडले की असंच बघत. ग्राहकाचं नाव, मेव्हण्याचं गाव, खुद्द स्वतःच्या लग्नाची तारीख, बाई सगळं ओठ न हलवता पुरवत आल्या होत्या. आताही नाव त्यांच्या जिभेच्या टोकावर होतं. हजेरीपटावर तेच तर त्या रोज लिहीत होत्या. एक शब्द पुटपुटला असता तर साहेबांची लाज राहिली असती, आणि त्या उपकाराखाली बहुधा बाईंची नोकरीही. साहेबांच्या डोळ्यांत अगदी अजिजी होती.

बाईंनी तोंड मिटून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

साहेबांनी दोनदा तोंड उघडून मिटलं. मग ते पेटीवरून उतरले. खाली उतरल्यावर ते पिनवाल्यापेक्षा बुटके निघाले, हे कुणाच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. त्यांनी मान वर करून, घशातल्या घशात विचारलं, "काय नाव तुमचं?"

पिनवाल्यानं सांगितलं. साहेबांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि सभा तिथंच संपली. सगळी मिळून दहा मिनिटं झाली होती.

सोमवारी टायपिस्टबाई नेहमीच्या वेळेला कामावर आल्या. त्यांच्या नावानं पत्र करायचं साहेबांना आठवलं नाही, आणि साहेबांना आठवण करून द्यायचं काम बाईंनी आता सोडलं होतं.