माहेरच्या नावाचा रकाना

तो फॉर्म मी स्वतः तयार केला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. चांगला चार पानी. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, वय, कितवं बाळंतपण, रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, पायावरची सूज. मुंबईतल्या आमच्या कॉलेजात वरिष्ठांनी तो चाळून मान डोलावली होती. त्यात काय राहिलंय हे एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही, आणि त्या शहाण्यांत पहिला नंबर माझा.

माझी विद्या म्हणजे आई आणि तिच्या पोटातलं बाळ, दोघांना एकाच वेळी तपासायचं. सासरी यावरून चेष्टा चालायची. "आमची सून न जन्मलेल्यांची डॉक्टर. पेशंट कधी उलटून बोलत नाही!" सासरे सगळ्यांना सांगायचे. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मोठ्या इस्पितळात पडद्यावर बाळांची हृदयं बघण्यात माझी कितीतरी वर्षं गेली होती. गरोदरपणात रक्तदाब चढलेल्या बायका शहापूर-मुरबाडकडून आमच्यापर्यंत यायच्या त्या झटके येऊन, बेशुद्ध होऊनच. पुढे करण्यासारखं फार थोडं उरलेलं असे. मग मी हट्टाला पेटले. दाब चढायच्या आत गावात जाऊन मोजायचं, लिहायचं, त्यावर संशोधन उभं करायचं. गुरुवारी शहापूर आणि सोमवारी मुरबाड, असे माझे वार ठरले.

त्या गुरुवारी शहापूरला आसनगावच्या बाजूची एक मुलगी आली. लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं, आठवा महिना लागला होता. पाय एवढे सुजलेले की जोडवी बोटांत रुतून कातडी लाल झाली होती. दाब मोजला, तो भलताच चढलेला होता. आमच्या सिस्टरने परीक्षानळीत तिची लघवी तापवली, तर नासलेल्या दुधासारखी फुटली, म्हणजे प्रथिनं भरपूर जात होती. सिस्टर मुरबाडकडची, जुनी, खमकी बाई. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

"आजच भरती हो," मी मुलीला म्हटलं.

"घरी इचारते. भाताची झोडनी चाललीय."

मी गोळ्या दिल्या, रागावले, समजावलं. शनिवारी सासूला घेऊन येईन, असं तिने कबूल केलं. शनिवार माझा वार नव्हता, तरी मी तिच्यासाठी शहापूरला गेले; ती आली नाही. दुपारी मी तिच्या सासरी गेले. सासू खळ्यावर भात झोडत होती. "ती गेली माहेराला," हातातली पेंढी खाली न ठेवता ती म्हणाली. "पयलं बाळंतपन आईकडंच करायचं ना, बाय?" तिने गावाचं नाव सांगितलं, मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. गाव कळलं, आणखी काय हवं, म्हणून मी तडक मागे फिरले. बापाचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

रविवारी सकाळीच जीप काढली. सिस्टर पोलिओच्या बूथवर अडकलेली, म्हणून मुंबईहून आलेली माझी सहायक सोबत घेतली. तीस-चाळीस घरांचं गाव. मी फॉर्म हातात धरून दारोदार नाव विचारत सुटले. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. लोक आम्हाला पोलिओवाल्याच समजले. "डोस दिला हाय आमच्या पोरांना," असं सांगून वाटेला लावत होते.

एका अंगणात एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती. तिलाही मी नाव सांगितलं, चांगलं मोठ्याने, दोनदा.

"नाय गो बाय. या नावाची आमच्या गावात कोन नाय. आडनावबी आमच्यातलं नाय."

गरोदर मुलगी शोधतेय, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण बाईच्या पोटाची गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे काढायची नाही, हा संशोधनाचा नियम होता. तो मीच सहायकांना घोकून घेऊन शिकवला होता. जीव जायची वेळ आली तरी मी नियम पाळला. आज त्याची आठवण आली की स्वतःच्या मुस्कटात मारावंसं वाटतं. आणखी दोन गावं पालथी घातली आणि दुपारी हात हलवत परतलो. फॉर्मच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं, संपर्क तुटला. तसा एक चौकोन आखलेलाच होता.

सोमवारी मुरबाडला दवाखान्यात पाय ठेवते तो एक जीप येऊन थांबली. एका मुलीला खाटेसकट उतरवत होते. पहाटेपासून झटके येत होते, जीभ चावली गेली होती, चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. भावाने केसपेपरवर जे नाव लिहून घ्यायला सांगितलं ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. मग माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. जोडवी.

झटक्यांवरचं इंजेक्शन भरून मी त्या जोडव्यांकडेच बघत उभी राहिले. सिस्टरने ते माझ्या हातातून घेतलं आणि दोन्ही कुल्ल्यांत टोचलं. झटके थांबले. मग मी लाकडी नळी तिच्या पोटावर टेकवली आणि कान लावला. जागा बदलून लावला. पुन्हा बदलून लावला. माझं सगळं शिक्षण ज्या एका आवाजासाठी होतं, तो आवाज तिथे नव्हता. मी इतका वेळ ऐकत राहिले की शेवटी सिस्टरने माझ्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी मुलगी झाली, मेलेली. आई वाचली.

मी सिस्टरला रविवारची हकिकत सांगितली. ती चिडली. "मॅडम, माहेरात सासरचं नाव काय इचारता? अमक्या गावाला दिलेली लेक कोनाची, असं इचारायचं. कुनीबी घर दाखवलं असतं."

ती अडाणीपणाने बोलत होती असं म्हणायचीही सोय नव्हती. माझ्या लग्नात नवऱ्याने ताटात तांदूळ पसरून अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. सासरी अजून मला त्याच नावाने हाक मारतात. पदवीवर, निबंधांवर मात्र माझं जुनं नाव. दोन नावांनी जगणारी मी, आणि चार पानी फॉर्म आखताना माहेरच्या नावाला एक रकाना ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी ती नीट बोलायला लागली. तिची आई पायाशी बसून होती. मी मुलीला विचारलं, डोकं कधीपासून दुखत होतं.

"रईवारपासनं. डोळ्यापुढं अंधारी यायची. शेजारच्या आजीच्या अंगनात तुमी आलावता ना? मी आमच्या पडवीतच निजलेली."

मी तिच्या खाटेच्या कडेला बसले. "तू ऐकलंस?"

"ऐकलं. पन ते नाव आताशी लागलंय मला, सासरात. हितं त्या नावानं कोन हाक मारनार? मला वाटलं, दुसऱ्याच कोना बाईला शोधतायत." ती पुढे म्हणाली, "बिचारी सापडली का नाय, असंबी आलं मनात."

तिची आई तोंडात पदर कोंबून रडू लागली. मी रडायचं नव्हतं, पण मीही रडले. मी मुलीची माफी मागितली. माफी कशाची, हे तिला कळेना. डॉक्टरीण आपल्यासाठी एवढं गाव हिंडली, याचंच तिला अप्रूप वाटत होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं.

पुढे या संशोधनावरचा माझा निबंध छापून आला. मला चारचौघांत मान मिळाला, परिषदांना बोलावणी आली. नवा फॉर्म पाच पानी झाला आणि माहेरचं नाव, माहेरचं गाव, बापाचं नाव हे रकाने पहिल्या पानावर आले. पुढे त्या रकान्यांमुळे काही जणी वेळेत सापडल्या. पण निबंध उघडला की माझी नजर आधी त्या तक्त्याकडे जाते, जिथे संपर्क तुटलेल्यांचा आकडा आहे. त्यातली एक माझ्यापासून दहा पावलांवर होती.

तेव्हा, ती मुलगी मुरबाडहून घरी जायच्या दिवशी, मृत जन्माच्या नोंदीचा कागद भरायचा होता. आईचं नाव, या ओळीवर माझं पेन अडलं. मी तिला विचारलं, कोणतं लिहू?

ती खाटेवर बसून, सूज उतरलेल्या पायातली जोडवी फिरवत होती.

"दोनी लिवा, बाय," ती म्हणाली. "परत कोन शोधाया आलं, तर सापडंल तरी मी."

मी दोन्ही लिहिली.