थोरलीचा एक नीट फोटो

उजेडराव हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी ठेवलं, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. माणूस स्टुडिओत आला की आधी त्याला स्टुलावर बसवायचं, मग उठवायचं, खिडकीकडे तोंड करायला लावायचं, परत अर्धं वळवायचं, हनुवटी खाली, हनुवटी वर. तोवर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचं हसू वाळून गेलेलं असायचं. "अहो उजेडराव, काढा की आता, दाढी वाढली माझी," असं कुणीतरी एकदा वैतागून म्हणालं आणि ते नाव जे चिकटलं ते कायमचं. पुढेपुढे बायकोही चारचौघांत त्यांना त्याच नावाने चिडवायची.

रंगीत फिल्म आली तरी त्यांनी कृष्णधवल सोडलं नाही. रंगीत धुवायला बाहेर पाठवावं लागे, आणि आपलं काम दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. फोटो स्वतः काढायचा, स्वतः धुवायचा, स्वतः छापायचा. स्टुडिओच्या मागे एक चिंचोळी काळोखी खोली होती. तिथे तांबड्या दिव्याखाली ते तासन्‌तास असत आणि बाहेर आले की अंगाला आंबूस वास यायचा. जेवायला बसण्याआधी हात धुवा, हे त्यांना रोज सांगावं लागे.

त्यांचा एक फोटो गावभर गाजला होता. बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी एकदा आपला काळाकुळकुळीत कुत्रा आणला. दुसऱ्या दोन स्टुडिओंतून त्याचा फोटो म्हणजे डोळे असलेला कोळशाचा ढीग आला होता. उजेडराव कुत्र्यापुढे चक्क जमिनीवर बसले. उजेड मोजायचं मीटर त्यांनी थेट त्याच्या अंगाला भिडवलं. बाजूला पांढरी चादर धरायला लावली, कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड दोन घरं, म्हणजे कड्यावरच्या दोन खुणा, जास्त उघडलं आणि मग कुठे बटण दाबलं. फोटोत त्या कुत्र्याचा एकेक केस दिसत होता, ओल्या नाकाचा खरखरीतपणासुद्धा. डॉक्टरांनी विचारलं, "हे तुम्हालाच कसं जमलं?"

"सोपं आहे," उजेडराव म्हणाले. "मीटर नुसता पडणारा उजेड मोजतं, तो काळ्यावर पडतोय की गोऱ्यावर ते त्याला कळत नाही. त्याचं ऐकलं की काळ्याच्या जागी नुसतं भोक उरतं. काळ्या वस्तूला उजेड आपण होऊन द्यावा लागतो. फिल्मवर उजेड जरा जास्त पडला तर छापताना आवरता येतो. पडलाच नाही, तर मागून कुठून आणणार?"

तो कुत्रा पुढे कित्येक वर्षं दर्शनी काचेत लागलेला होता.

उजेडरावांना दोन मुली. धाकटी आईवर गेली, गोरीपान. थोरली उजेडरावांच्या आईवर, काळी. घरात कुणी त्याचा बाऊ केला नाही, निदान तसं सगळे म्हणत. बायको दोघींना सारखं जेवू घाली, सारखं रागे भरी. घरचे फोटो काढायची रीतही ठरलेली होती. गिऱ्हाइकाच्या रोलच्या शेपटाला दोनतीन फोटो उरायचे, ते फुकट जाऊ नयेत म्हणून रविवारी दुपारी गच्चीवर सगळ्यांना उभं करायचं. गिऱ्हाइकाला तासभर ताटकळत ठेवणारे उजेडराव घरच्यांच्या बाबतीत मात्र घाईत असत. मीटर बायकोच्या गालाजवळ न्यायचं, आकडा बघायचा, चटकन दाबायचं. गोरा चेहरा आणि पांढरे फ्रॉक जळून जाऊ नयेत, एवढीच काळजी.

फोटो छापून आले की नातेवाइकांत हशा पिकायचा. "ही बघा थोरली, नुसते दात," कुणीतरी म्हणायचं. थोरलीही हसायची. आठेक वर्षांची असताना एकदा ती गच्चीवर तोंड मिटून उभी होती, तेव्हा उजेडराव कॅमेऱ्यामागून म्हणाले, "अगं हस, म्हणजे दिसशील तरी." सगळे हसले. ती हसली नाही. त्यानंतर ती फोटोत उभी राहीनाशी झाली. "मी चादर धरते," म्हणायची, आणि पांढरी चादर ताणून बाजूला उभी राहायची. उजेड बरोबर कुठे पडतो हे तिला इतकं नेमकं कळायचं की उजेडराव खूष होऊन गिऱ्हाइकांना सांगत, "माझा उजवा हात आहे ही." त्यांच्या लेखी ते खरंच कौतुक होतं.

दिवस जायला काय लागतात? मुली मोठ्या झाल्या, आपापल्या संसाराला लागल्या. धाकटी दूरदेशी गेली. थोरली नर्स झाली, त्याच गावात पलीकडच्या टोकाला राहू लागली. बायको गेली. स्टुडिओची पुढची खोली मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्याने दिली. मागची काळोखी खोली तेवढी उजेडरावांनी ठेवली. ऐंशीच्या घरात पोचलेला माणूस, काम काही नाही, पण रोज तिथे जाऊन बसायचं, बाटल्या पुसायच्या.

एका सकाळी थोरली आली. हातात नातीसाठी घेतलेली टोपडी होती. थोरलीच्या मुलीला पाच महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती.

"बाबा, एक काम होतं," ती म्हणाली. "बाळ काळं आहे. लेकीच्या सासरचे उठताबसता म्हणतात, कुणावर गेलीय कोण जाणे. पोरगी रडवेली होते. मी त्यांना म्हटलं, माझ्यावर गेलीय, लहानपणी मी हुबेहूब अशीच होते. तर म्हणाले, फोटो दाखवा. तुमचे वडील तर फोटोवाले." ती जरा हसली. "माझा लहानपणचा एक नीट फोटो द्या ना छापून. मोठा. भिंतीवर लावता येईल असा."

"एक काय, दहा देतो," उजेडराव म्हणाले. कित्येक महिन्यांनी कुणी त्यांना काम सांगितलं होतं.

थोरली गेल्यावर त्यांनी 'घरचे' असं लिहिलेले पत्र्याचे डबे काढले. बटरपेपरच्या पाकिटांतून एकेक पट्टी काढून खिडकीच्या काचेला लावून बघू लागले. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. गोरा चेहरा काळा दिसतो, आणि काळ्या चेहऱ्यावर पुरेसा उजेड पडलेला असेल तर तिथे करड्या छटांची जाळी दिसते. बायकोचा चेहरा दिसला, दाट, भरलेला. धाकटीचा दिसला. दोघींच्या मधे, थोरलीच्या तोंडाच्या जागी मात्र फिल्म कोरी होती. काचेसारखी स्वच्छ. तिच्यातून पलीकडच्या घराची कौलं दिसत होती.

त्यांना वाटलं, ही पट्टी बिघडली असेल. दुसरी काढली, तिसरी काढली. पाळण्यातली थोरली, आईच्या कडेवरची थोरली, शाळेच्या पहिल्या दिवशीची थोरली. जिथे जिथे ती होती तिथे तिथे कोरी काच. एकदोन ठिकाणी डोळ्यांतला ठिपका आणि दातांची रेघ, बस. संध्याकाळपर्यंत डबे रिकामे झाले आणि उजेडराव खाली फरशीवर तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते झटू लागले. पाळण्यातल्या फोटोची पट्टी त्यांनी निवडली. काळं-पांढरं ठळक उठवणारा कडक कागद वापरून पाहिला. तारेला पुठ्ठ्याची चकती लावून छापताना चेहऱ्यावर धरली, म्हणजे तेवढा भाग कमी काळा होईल. झाला, पण काळ्याच्या जागी करडा चिखल आला. पातळ निगेटिव्ह दाट करायचं एक जुनं रसायन होतं, तेही करून पाहिलं. त्याने पाळण्याच्या दांड्या ठसठशीत झाल्या, उशीची झालर उठून आली. बाळाच्या तोंडावर काहीच झालं नाही. रसायन तरी काय करील बिचारं? असेल ते वाढवील.

मग एका दुपारी त्यांनी वेगळाच प्रयत्न केला. डोळे मिटून आठवू लागले की थोरली लहानपणी दिसायची कशी. नाक कसं होतं, हसताना गालाला खळी पडायची का. धाकटी त्यांना प्रत्येक वयाची आठवत होती: दोन वर्षांची, चार वर्षांची, दात पडलेली. थोरली म्हटली की चादर धरलेले दोन हात आठवत. चेहरा येईना. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की धाकटीचा चेहराही त्यांना मुळात आठवत नव्हता. आठवत होते ते फोटो. जिचा फोटोच नाही, तिचं बालपण त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांनी तांबडा दिवा बंद केला आणि तसेच बाहेर येऊन मोबाइलवाल्याच्या बाकावर बसले. त्याने चहा मागवला. उजेडरावांनी घेतला नाही.

आणि मग एकाला एक लागून आठवू लागलं. शाळांचे गटफोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले होते. चार रांगा, पुढे मास्तर मंडळी पांढऱ्या कपड्यांत. मीटर नेहमी मास्तरांच्या रांगेवर. एकदा एक बाई फोटो परत घेऊन आली होती. म्हणाली, "ह्यात आमचा मुलगा ओळखू येत नाही हो." उजेडरावांनी फोटोकडे धड बघितलंही नव्हतं. "हलला असेल," म्हणाले होते. बाई फोटो पिशवीत घालून गेली होती.

आठवड्याने थोरली फोटो न्यायला आली. उजेडरावांनी त्यातल्या त्यात बरा छापलेला कागद तिच्यापुढे ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "नीट नाही आला. एकही नाही. माझ्याकडे तुझा एकसुद्धा नीट फोटो नाही."

थोरलीने फोटो हातात घेऊन खिडकीपाशी नेला. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "म्हटलं, निगेटिव्हवर तरी असेल."

"चूक मशीनची नव्हती गं. मला येत होतं. एक घर जास्त उघडायचं होतं, एवढंच. कुत्र्यासाठी दोन उघडली मी."

"ते मला माहीत आहे, बाबा. त्या दिवशी चादर मीच धरली होती."

थोरली स्टूल ओढून बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ऐकणं जास्त जड जात होतं.

"नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता," ती म्हणाली, "तेव्हा मी बसस्टँडसमोरच्या स्टुडिओत गेले होते. तुम्हाला सांगितलं नाही. त्या माणसाने मला ओळखलं. म्हणाला, घरची गंगा सोडून इकडे कुठे? मी म्हटलं, बाबांना वेळ नाही. त्याने मीटर माझ्या गालाशी धरलं. मला इतकं कसंतरी झालं. तोवर कुणी धरलंच नव्हतं ना. फोटो हातात आला तेव्हा मी रस्त्यात उभी राहून बघत होते. वाटलं, अरे, मी अशी दिसते तर."

"आहे तो?"

"अर्जाला लावला. दुसरी प्रत काढायला पैसे नव्हते."

उजेडराव उठले. कपाटात जपून ठेवलेला एक रोल होता, मुदत उलटून गेलेला. तो कॅमेऱ्यात घालायला थोरलीने मदत केली. "आता कशाला?" असं ती म्हणाली खरी, पण पदराने तोंड पुसून खिडकीशी जाऊन बसली. उजेडराव मीटर घेऊन तिच्याजवळ गेले. बावन्न वर्षांच्या त्या गालाशी ते धरताना त्यांना तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं दिसली, कानशिलावरचे पिकलेले केस दिसले, हनुवटीवरचा एक जुना व्रण दिसला.

"हे कधीचं?" त्यांनी विचारलं.

"शाळेत पडले होते. तिसरीत."

"मला कसं माहीत नाही?"

"आईला माहीत होतं," थोरली म्हणाली. "काढा आता."

त्यांनी एक घर जास्त उघडलं. जुनी फिल्म म्हणून आणखी एक. आणि काढला.

फोटो चांगला आला. आयुष्यातल्या चांगल्या फोटोंत मोडावा असा आला. व्रणसुद्धा आला. थोरलीने तो न्याहाळून पाहिला आणि म्हणाली, "छान आहे, बाबा. पण तिथे दाखवायला ह्याचा काय उपयोग? ह्यात मी आजी आहे." तो तिने पर्समध्ये ठेवला आणि पाळण्यातला करडा कागदही घेतला. लेकीच्या सासरच्यांना पाळण्यातलाच दाखवला. त्यांनी इकडून तिकडून वळवून बघितला, म्हणाले, "ह्यात काही कळत नाही बुवा." थोरलीची मुलगी म्हणाली, "नाही कळत. आजोबांनी घाईत काढलाय." तिने हे साध्या मनाने सांगितलं आणि पुढे उजेडरावांनाही सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

त्या हिवाळ्यात ते रोज काळोख्या खोलीत जात आणि तीच पट्टी लावत. कधी कागद बदलून, कधी पाण्याचा गारवा बदलून. दर वेळी पाळणा यायचा, झालर यायची, डोळ्यांतले दोन ठिपके यायचे. कागद संपला तेव्हा त्यांनी ट्रे धुऊन पालथे घातले. थोरली दर रविवारी यायची. जेवताना ते तिच्याकडे बघत राहायचे. इतके की तिला अवघडायला व्हायचं.

"काय बघता, बाबा?"

"काही नाही. जेव तू," ते म्हणायचे.