तिसरी तार

एस.टी.च्या असोत की कुणाच्या, गाड्यांच्या आगारात जुनी माणसं टोपणनावानंच ओळखली जातात. तसं त्याला सगळे ‘तिसरी तार’ म्हणत. तिकीट-आरक्षणाच्या खिडक्यांमागे जिन्याखालची एक खोली होती, तिथे लोखंडी मांडणीवर राउटर बसवलेला. राउटर म्हणजे काय, तर टपाल वाटणारा. चार खिडक्यांतले संगणक जे काही बोलतात ते कुठे धाडायचं आणि तिकडून आलेलं कुणाच्या हातात द्यायचं, हे ठरवणारी लोखंडाची पेटी. त्या पेटीचा सांभाळ याच्याकडे.

आणि सांभाळ कसा, तर सासूनं लोणच्याची बरणी सांभाळावी तसा. हात कोरडे हवेत, बोटात अंगठी नको, मनगटात घड्याळ नको. विजेच्या दोन तारा काम करतात आणि तिसरी नुसती पडून असते, असं लोकांना वाटतं. हा म्हणायचा, तिसरीच खरी. वाट चुकलेल्या विजेला ती मुकाट्यानं मातीत नेऊन सोडते, माणसाच्या अंगावर येऊ देत नाही. म्हणून जोडताना आधी मातीची तार, मग वीज. काढताना आधी वीज, मातीची तार सगळ्यात शेवटी. नवीन आलेल्याला हे तो इतक्यांदा ऐकवायचा की खिडकीवरच्या बायका त्याला येताना बघून म्हणायच्या, “आली तिसरी तार, पाय जमिनीवर ठेवा गं.”

हा राउटर बसवला तेव्हा शाळेला सुट्टी होती आणि घरी मुलीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तो तिला बरोबर घेऊन आला होता. नऊ वर्षांची. दिवसभर स्टुलावर बसून तिनं प्रश्न विचारून त्याचं डोकं खाल्लं. सगळी जोडणी झाली, मीटर लावून अर्थिंग तपासलं, तेव्हा तो म्हणाला, “चल, आता तू दाब.” तिनं दोन्ही अंगठ्यांनी बटण दाबलं. पंखे घुर्रकन फिरले, दिवे लागले. मांडणीला दोऱ्यानं बांधलेला एक पुठ्ठा होता, पेटी कधी आणि कुणी चालू-बंद केली ते लिहायचा. ‘चालू करणार’ या रकान्यात तिनं पेन्सिलीनं लिहिलं : ‘मी’.

दोन वर्षांनी ताप आला, आठ दिवस राहिला आणि तिला घेऊन गेला. अकरा वर्षांचं पोर.

राउटरला विचारलं की तो सांगतो, चालू झाल्यापासून किती काळ लोटला. वर्षं, आठवडे, दिवस, तास, मिनिटं. ती गेली त्यानंतर कामावर रुजू झाला, त्या दिवशी सहज विचारलं आणि तो आकडा पडद्यावर आला. तिच्या अंगठ्यांपासूनचा. तेव्हापासून रोज सकाळी आल्यावर आधी तो आकडा बघायचा, मग डबा टेबलावर ठेवायचा. पेटी बंद पडू नये म्हणून त्यानं काय नाही केलं. बॅटऱ्या बदलल्या त्या एक चालू ठेवून दुसरी. वरिष्ठांनी विचारलं, “इतकी वर्षं एकदाही बंद नाही? जरा झाडून-पुसून घ्या की.” तर म्हणाला, “बरं चाललंय साहेब, झोपलेल्या मुलाला कशाला उठवायचं?” साहेब हसले. हा हसला नाही.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी सफाईच्या मावशी म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या त्या मांडणीवरून फडकं फिरवलं की झिणझिण्या येतात.” बघतो तर भिंतीतून ओल उतरलेली, मातीच्या तारेचं तांब्याचं कडं हिरवं पडून कुजलेलं. नियम त्याच्याइतका कुणाला ठाऊक? राउटर बंद करायचा, दोन्ही प्लग काढायचे, मग कडं बदलायचं. बंद केला की आकडा गेला. त्यानं चिकटपट्टी गुंडाळली आणि मावशींना सांगितलं, “तिकडे आता पुसू नका.” दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर यानं त्याला आगाराच्या फाटकाबाहेर काढलं असतं.

पण धूळ दिसली की मावशींचा हात राहतो होय? सोमवारी त्यांनी ओलं फडकं मारलं आणि सरळ मागच्या भिंतीवर जाऊन पडल्या. कोपर सोललं, दातखीळ बसल्यासारखं झालं. पाणी पाजलं तेव्हा बोलल्या त्या एवढंच, “भाऊ, तुम्ही सांगितलं होतंत. माझंच चुकलं.”

त्याला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

त्यानं खोलीला कुलूप घातलं आणि संध्याकाळी घरी गेला. जेवला नाही. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यानं सगळं सांगितलं. मावशींचं, कड्याचं, आणि आकड्याचंही.

“किती झालेत?” तिनं विचारलं.

“नऊ वर्षं, अकरा आठवडे, तीन दिवस.”

तिच्या हातात त्याचाच सदरा होता. तो तिनं पुन्हा उलगडला आणि पुन्हा घातली घडी.

“आणि तुम्ही रोज बघत होतात. एकटेच.”

“तुला त्रास होईल म्हणून—”

“त्रास,” ती म्हणाली. “अहो, मी तिच्या चपला अजून पलंगाखाली ठेवल्यात. तुम्ही वाकत नाही म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.”

तिनं सदरा बाकीच्या घड्यांवर ठेवला. मग ती म्हणाली, “बाई मेली असती त्या खोलीत. उद्या बंद करा. पण मी येईपर्यंत थांबा. मला एकदा बघायचाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडक्या जेवणासाठी अर्धा तास बंद झाल्या तेव्हा ती आली. त्यानं तिला रबरी पायपोसावर उभं केलं, “कशाला हात लावू नकोस,” म्हणाला, आणि पडदा दाखवला. परकी अक्षरं तिला येत नव्हती. त्यानं बोट ठेवून वाचलं : नऊ वर्षं, अकरा आठवडे, चार दिवस, वीस तास. मिनिटांचा आकडा ती बघताबघता एकानं वाढला.

“चालतोय की अजून,” ती म्हणाली.

मग तिला तो पुठ्ठा दिसला. पेन्सिलीचं ‘मी’ पुसट झालं होतं, वेलांटी नेहमीसारखी गरजेपेक्षा मोठी. तिनं त्याला हात लावला नाही. नुसती बघत राहिली, आणि पदर तोंडाशी गेला.

त्यानं राउटरमधली सगळी सेटिंग साठवून घेतली. नियमच तो. मग बटणावर बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला. दाराशी मावशी आल्या होत्या, कोपराला पट्टी. त्यांना बघून त्यानं दाबलं.

पंखे एकदम थांबत नाहीत. हळूहळू मंदावतात, मग एक बारीक सुस्कारा येतो. नऊ वर्षांत त्या खोलीत शांतता काय असते हे कुणाला ठाऊक नव्हतं. बायको शेजारच्या स्टुलावर बसली.

पुढचं त्यानं कुणाकडे न बघता केलं. दोन्ही प्लग काढले, दिवे विझल्याची खात्री केली. कुजलेलं कडं शेवटी सोडवलं. लोखंडावरचा रंग खरवडून उघडा केला, नवं कडं, दातेरी वायसर, पान्यानं घट्ट. भिंतीतलं टोकही बदललं. मीटर लावून दोनदा तपासलं, मग तिसऱ्यांदा. प्लग लावले.

“तू दाबतेस?” त्यानं बायकोला विचारलं.

“मला नको. तुमचं काम ते.”

त्यानं दाबलं. एका अंगठ्यानं. दिवे लागले, बाहेर खिडक्या उघडल्या, रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “जेवलात का पोटभर?”

मावशींनी हाताची मागची बाजू मांडणीला हळूच टेकवली. “नाही काही,” म्हणाल्या, आणि फडकं आणायला गेल्या.

पुठ्ठ्यावर तारीख लिहिली. कारण : अर्थिंग. चालू करणार, इथे त्याची पेन्सिल थांबली. मग ‘मी’च्या खाली त्यानं लिहिलं, ‘बाबा’.

बायको स्टुलावर बसली होती. “आता किती झाले?”

त्यानं विचारून बघितलं. “चार मिनिटं.”

“मग थांबते जरा,” ती म्हणाली. “पाच होऊ देत.”